‘ळ’ आणि मी

आमच्याकडे सोळाला सोया म्हणतात. डोळ्याला डोया, शाळेला शाया, बैलांच्या पोळ्याला पोया. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर हे जरा सौम्य आहे, घाटाखाली खामगाव-शेगाव-जळगाव जामोदकडे चांगलंच ठसठशीत. पण ‘ळ’चा ‘य’ करायची सवय कमीजास्त प्रमाणात सगळीकडे. त्यामुळे काळ आणि काय, गाळ आणि गाय, गळ आणि गय, साळ आणि साय, माळ आणि माय असे कितीतरी बुटके शब्द आमच्या कानाला एकच ऐकू येतात. ‘ण’चाही आम्ही ‘न’ करतो. म्हणजे मण आणि मन, वाण आणि वान, तण आणि तन यांच्यातलाही फरक मिटला.

गावात याने कुणाचं काही अडत नाही. सातपुड्यातून उतरून संग्रामपूरकडे येणारी वान नदी आणि कृषी केंद्रात येणारा बियाण्याचा वाण, दोघांचं आगमन मृगाच्या आसपासच. पण ‘वान आली’ म्हटलं की लोक नदीकडे बघतात आणि ‘वान आला’ म्हटलं की दुकानाकडे. ‘तयातला गाय काढला’ हे ऐकून तळ्यात गाय पडली होती असं कुणी समजत नाही, कारण गाय काढली असती, काढला नसता. लिंगावरून, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून, दिवस कुठले चालू आहेत त्यावरून माणसं बरोबर अर्थ लावतात. ग्रिअर्सनसाहेबाच्या भाषा-सर्वेक्षणात, १९०५ च्या सातव्या खंडात, वऱ्हाडीची वेगळी नोंद आहे. म्हणजे निदान शंभर वर्षं तरी हा कारभार बिनबोभाट चालू आहे. अडलं ते माझं, कारण मी छापखान्यात गेलो. तोंडाने बोलताना दोन शब्द एकाच आवाजात राहू शकतात. खिळे जुळवताना ‘य’ तरी उचलावा लागतो, नाहीतर ‘ळ’ तरी.

मेहकरला शाळेत असताना आमच्या मराठीच्या सरांना ‘डोया’ खपत नसे. म्हणणाऱ्याला ते बाकावर उभं करत. मी बाकावर इतका उभा राहिलो की शेवटी ‘ळ’चा कट्टर झालो. नवा मुल्ला जोरात बांग देतो म्हणतात, तसं झालं. घरी आईला ‘गाळीला चारा टाकला का?’ असं विचारलं. बहिणी कितीतरी दिवस मला ‘गाळ’ म्हणून हाका मारत होत्या. ‘य’ दिसला की त्याच्या मागे कुठेतरी ‘ळ’ दबलेला असणार आणि त्याला बाहेर काढणं हे आपलं काम, अशी माझी समजूत पक्की झाली. पुढच्या सगळ्या चुका या समजुतीच्या पोटी जन्मल्या. अज्ञानातून झाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मॅट्रिकनंतर मामाच्या छापखान्यात लागलो. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसी, शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि कोपऱ्यात मामाची गादी. लग्नपत्रिका, तेरवीचे कागद, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं असं काम. मामाचं शिक्षण बेताचं होतं, त्यामुळे मी ‘शुद्ध’ लिहितो याचं त्याला फार कौतुक. गिऱ्हाइकापुढे तो सांगायचा, ‘आमचा भाचा आहे, चूक राहू देत नाही.’

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आमच्या भागात तेव्हा कापूस, ज्वारी, तूर, मूग, उडीद. सोयाबीन नुकतं कुठे कानावर येऊ लागलं होतं. पुढे दहा वर्षांत त्याने शिवारंच्या शिवारं काबीज केली, पण तेव्हा ते नाव पाटीवर लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. एक बियाणे विक्रेते हँडबिलाचा मजकूर घेऊन आले. मजकूर कसला, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर पेन्सिलीने चार ओळी. त्यात लिहिलेलं: ‘सोयाबीनचे खात्रीशीर बियाणे’. मी मनात हसलो. पैसेवाला माणूस, पण ‘सोळा’ लिहिता येत नाही. मोठ्या टायपात जुळवलं: ‘सोळाबीनचे खात्रीशीर बियाणे’. सोळा कसले, हे मला माहीत नव्हतं. सोळा शेंगा असतील, सोळा दाणे असतील, कंपनीचं काही असेल. विचारायला मला लाज वाटली, कारण जो चूक राहू देत नाही त्याने विचारायचं नसतं.

हँडबिलं बाजाराच्या दिवशी वाटली गेली. संध्याकाळी ते विक्रेते दुकानात आले ते हसतच. म्हणाले, ‘सोळाबीन तं झालं बावा, आता सतरावी बीन कोनाच्या घरी ठेवली ते सांग.’ मामाही हसला. मग त्याने पुन्हा छापून दिलं आणि कागदाचे पैसे माझ्या महिन्यातून कापले. हसत हसतच कापले. पण ‘चूक राहू देत नाही’ हे वाक्य त्याने नंतर कुणापुढे म्हटल्याचं मला आठवत नाही.

दुसरी मोठी चूक ‘ळ’ खाण्याची होती, आणि ती कवीच्या गावात झाली. मेहकरात वाढलेल्या माणसाला ना. घ. देशपांडे माहीत नसणं शक्य नव्हतं. जन्म सिंदखेड राजाचा, १९०९ चा, पण वकिली मेहकरात आणि आयुष्यही मेहकरातच. त्यांची कविता जी. एन. जोशींनी १९३० च्या दशकात गायली, तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताचा विषय निघाला की तिचं नाव अजूनही पहिल्या काहींत येतं. ‘शीळ’ हा त्यांचा संग्रह १९५४ चा. १९८६ साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा ज्यांनी आयुष्यात कविता वाचली नव्हती तेसुद्धा आमच्या गावचे कवी म्हणून छाती फुगवून चालत होते. त्यानंतर कधीतरी एका मंडळाने ग्रंथप्रदर्शन भरवलं आणि वऱ्हाडातल्या लेखकांच्या पुस्तकांची यादी छापायला आमच्याकडे दिली.

छापून झालेला फर्मा सोडवून खिळे परत आपापल्या घरात टाकणं हे नवशिक्याचं काम. कंटाळवाणं काम. गप्पा मारत मी ते करायचो, आणि ‘ल’चे काही खिळे ‘ळ’च्या घरात गेले. पुढच्या वेळी हात सवयीने ‘ळ’च्या घरात गेला आणि ‘ल’ घेऊन आला. यादीत छापलं गेलं: ‘शील – ना. घ. देशपांडे’.

प्रूफ मीच वाचलं होतं. छापखान्यातली पद्धत अशी की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने प्रूफावर नजर ठेवायची. माझ्यासोबत वाचणारा मशीनवरचा मुलगा ‘शीय’ असं वाचून गेला. मी मनात त्याचं ‘शीळ’ केलं, त्याला तोंडाने सुधारलं, आणि त्या सुधारण्याच्या नादात प्रूफावर काय आहे ते पाहिलंच नाही. डोळ्यांपेक्षा कान पुढे धावला. मामाने यादी पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, ‘अरे, त्यांचं शील चांगलंच आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. पण पुस्तक शिट्टीचं आहे.’ ती यादी कवीपर्यंत पोचली की नाही, हे मी कधी विचारलं नाही. पुढे ते रस्त्याने समोरून येताना दिसले की मी बोळीत शिरायचो.

नव्वदीत मी खामगावात स्वतःचं दुकान टाकलं. कापसाचं आणि चांदीचं गाव, कामाला तोटा नव्हता. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, श्रीलिपी आली. माझी समजूत होती की खिळ्यांबरोबर चुकाही जातील. खिळे भंगारात किलोने विकले. चुका माझ्यासोबत आल्या.

आता ‘ळ’ आणि ‘य’ सांभाळता येत होते, पण वेलांट्या उरावर बसल्या. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचं दुखणं असं की कानाची मदतच होत नाही. शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. पुण्यातला प्राध्यापक असो की पिंपळगावातला गुराखी, दोघेही दोन्ही शब्द एकसारखेच लांबवून म्हणतात. फरक फक्त कागदावर. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यातला एक नियम सांगतो की अकारान्त मराठी शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: पीक, मूल, शीर, सूत. आणि लगेच अपवाद: संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणे. म्हणून डोकं ते शिर, मुलगा तो सुत, देव ते सुर. म्हणजे शब्द कुठून आला हे ठाऊक असेल तरच तो लिहिता येणार. हे म्हणजे पंगतीत वाढण्याआधी प्रत्येकाचं गोत्र विचारल्यासारखं. अरुण फडक्यांचं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ हे छोटेखानी पुस्तक निघालं तेव्हा मी ते खरंच खिशात ठेवत होतो. मात्र कामाच्या घाईत खिशात हात जात नाही.

एका डॉक्टरांच्या हँडबिलात मी ‘मानेतील शिर दबणे’ असं छापलं. मानेत डोकं. हे डॉक्टरांना कळलं नाही, रुग्णांना कळलं नाही, उलट त्यांची गर्दी वाढली. मला कळलं ते वर्षभराने, नव्या हँडबिलासाठी जुनी फाइल उघडली तेव्हा. मी वेलांटी दुरुस्त केली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. छापखानेवाल्याच्या आयुष्यात अशा कुणालाच न दिसलेल्या चुकांचा ढीग फार मोठा असतो. आज मी सांगतोय त्या पकडल्या गेलेल्या आहेत. भाषा दिनाचा ‘दीन’ प्रत्येक छापखान्यात एकदा होतोच, तो मी यात धरत नाही. जळगावच्या पार्टीचं पार्सल जळगाव जामोदला पाठवलं होतं, तेही धरत नाही. ते गावांची नावं ठेवणाऱ्यांच्या खात्यावर.

‘पाणिग्रहण’ मात्र माझ्याच खात्यावर. मुलीचे वडील चिखली तालुक्यातले एक मुख्याध्यापक होते, संस्कृतची आवड असलेले. साधा ‘शुभविवाह’ त्यांना नको होता, ‘पाणिग्रहण समारंभ’ हवा होता. पाणि म्हणजे हात. समासात पहिला शब्द असला की त्याची वेलांटी पहिली. त्यांनी स्वच्छ अक्षरात पहिली वेलांटी दिली होती. मी ती दुसरी केली. माझ्या डोळ्यांनी आयुष्यभर जे ‘पाणी’ पाहिलं तेच बोटांनी उमटवलं, आणि वर ‘गुरुजींची चूक दुरुस्त केली’ असं समाधान. साल टंचाईचं. गावात टँकर. पत्रिका मिळाल्यावर वराकडच्या मंडळींनी निरोप पाठवला म्हणे, ‘पाणी ग्रहण करायला येतो, पण टँकरची सोय करून ठेवा.’ मांडवातही हा विनोद पुनःपुन्हा झाला. मुख्याध्यापकांनी मला दूषण दिलं नाही. फक्त हिशेब चुकता करताना म्हणाले, ‘मी दिलेली वही आहे का हो तुमच्याकडे? पाहू, माझंच चुकलं असेल.’ मी वही शोधल्याचं नाटक केलं आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. ती टेबलाच्या खणात होती. चुकीपेक्षा हे खोटं जास्त लक्षात राहिलं आहे.

फ्लेक्सचं मशीन घेतल्यावर एका कृषी केंद्राचा मोठा बोर्ड केला. त्यावर हातभर अक्षरांत: ‘सर्व प्रकारची तननाशके मिळतील’. ऑपरेटर मुलगा गावचा, तणाला तन म्हणणारा. बोर्ड चढला, दोन हंगाम टिकला. तन म्हणजे शरीर, हे लक्षात आल्यावर मी आणि दुकानदार पोट धरून हसलो होतो आणि तो तसाच राहू दिला होता, कारण नवा करायचा खर्च कुणी करायचा यावर आमचं एकमत होईना. नंतर २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. ते तणनाशकाने नव्हे, कीटकनाशकांनी. पण पेपर वाचून झाल्यावर मी मोटारसायकल काढली आणि तो बोर्ड स्वतः उतरवून आणला. दुकानदाराने विचारलं काहून, तर मी म्हणालो, रंग उडाला होता.

आता जी सांगायची आहे ती.

संग्रामपूर तालुक्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक माझ्याकडे आले. दोन हजारच्या पुढची गोष्ट आहे. त्यांच्या आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि तिच्याबद्दल त्यांनी काही लिहिलं होतं. एका लांबड्या हिशेबाच्या वहीत, निळ्या शाईने, ओळीखाली ओळ. छोटी पुस्तिका करायची आणि श्राद्धाला येणाऱ्यांना द्यायची. मी वही चाळली. सगळं घरच्या बोलीत. आई कापूस वेचायला जायची, दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची, पंढरीची वारी करायची, गळ्यात तुळशीची माळ. लिहिणं साधं होतं आणि फार चांगलं होतं. इतकं चांगलं की मला वाटलं, हे ‘नीट’ व्हायला पाहिजे.

मी म्हणालो, ‘गुरुजी, जरा शुद्ध करून घेऊ का? लोकांना वाचायला बरं पडेल. डोया, काया, शाया असं छापलेलं बरं नाही दिसणार.’

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तुमाले जास्त समजते, भाऊ.’ चाळीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस छापखान्याच्या टेबलापुढे आला की विद्यार्थी होतो. तो त्यांचा होकार नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मी लगेच कामाला लागलो.

मजकूर मी स्वतः टाइप केला, ऑपरेटरकडे दिला नाही. डोया होता तिथे डोळा, काया तिथे काळा, सोया तिथे सोळा. ‘माय’ आली की थांबून बघायचो. बहुतेक ठिकाणी ती आईच होती, ती तशीच ठेवली. काही ठिकाणी गळ्यातली होती, तिथे ‘माळ’ केलं. मला माझ्या बारकाईचा अभिमान वाटत होता. एकगठ्ठा सगळे ‘य’ बदलणाऱ्यातला मी नव्हतो. एकेक शब्द पारखून घेत होतो.

शेवटून दुसऱ्या पानावर ती गेल्याची पहाट होती. त्यात एक वाक्य होतं, दोन शब्दांचं: ‘माय तुटली.’

रात्रीचे नऊ-साडेनऊ झाले असतील. भारनियमन होतं, यूपीएस कुईकुई करत होता आणि बॅटरी संपायच्या आत फाइल सेव्ह करायची होती. मी त्या वाक्यावर थांबलो. गाळ आणि गाईच्या बाबतीत व्याकरण मदतीला येतं, एक निघाला आणि एक निघाली. इथे माय तुटली, माळही तुटली. दोन्ही स्त्रीलिंगी. मग मी अर्थाकडे गेलो. आई तुटत नाही, माळ तुटते. वर तिला उचलून खाली घेतल्याचं लिहिलेलं होतंच, त्या ओढाताणीत दोरा तुटला असणार. उघड आहे. ‘य’ खोडला, ‘ळ’ टाकला, सेव्ह केलं. पुरता श्वासभरही वेळ लागला नसेल. गुरुजींच्या घरी फोन होता. नंबर वहीच्या पहिल्या पानावर होता.

जुन्या पोथ्या संपादणारे लोक काय करतात हे मला ऐकून माहीत होतं. आमच्याच जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते. त्यांनी महानुभावांच्या पोथ्यांत आयुष्य घातलं आणि १९७८ साली ‘लीळाचरित्र’ संपादून दिलं. या कामात एका पोथीत एक शब्द आणि दुसरीत दुसरा सापडला तर वर एक ठेवून दुसरा खाली तळटीपेत देतात, पाठभेद म्हणून. सातशे वर्षांपूर्वी बोलल्या गेलेल्या एका शब्दासाठी माणसं वर्षानुवर्षं थांबतात. आणि माझ्यासमोर हयात लेखक, त्याची सही असलेली वही, त्याचा फोन नंबर. तरी मी स्वतःच निकाल देऊन मोकळा.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुजी पुस्तिका न्यायला आले. वरची प्रत उचलली, उभ्या उभ्या चाळली. त्यांनी सरळ शेवटची पानं काढली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या माणसाने हे सगळं कुठल्या वाक्यासाठी लिहिलं आहे. वाचलं. पुन्हा वाचलं.

‘मी तं माय लिहिली होती, भाऊ.’

मी समजावू लागलो, की माळच ना गुरुजी, गळ्यातली, आपण बोलताना माय म्हणतो पण...

‘हाव, माळच,’ ते म्हणाले. ‘अन् मायही. तिले खाली घेतलं तं माळ तुटली, मनी घरभर गेले. अन् पाहतो तं ती गेलेली. एका टायमाले. म्हून मी एकच शब्द लिहिला.’

मग समजावून सांगावं लागलं याचीच लाज वाटल्यासारखे ते इकडेतिकडे बघू लागले. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. प्रमाण मराठीत हे वाक्य होतच नाही. तिथे एकतर आई जाते, नाहीतर माळ तुटते. दोन्ही एकाच वेळी, एकाच शब्दात घडवायचं तर आमची बोलीच पाहिजे. माझ्या आईच्या तोंडातली, मी शाळेपासून खोडत आलेली. मी म्हणालो, रात्रीतून पुन्हा छापतो. पण प्लेट करणारा अकोल्याला गेला होता आणि वीज कधी येईल याचा भरवसा नव्हता. गुरुजींनी पिशवीतून निळा पेन काढला आणि खाली सतरंजीवर बसले.

एकेक प्रत उघडायची, ते पान काढायचं, ‘माळ’वर आडवी रेघ, वर ‘माय’. मीही बसलो. माझं अक्षर त्यांच्यासारखं येईना, म्हणून मी पान काढून द्यायचो आणि ते लिहायचे. काही प्रतींची शाई अजून ओली होती, तिथे पेन घसरायचा. मधे मी विचारलं, ‘बाकीचे ळ पण बदलायचे का?’ ते म्हणाले, ‘राहू द्या. लोकाइले वाचाले बरं पडन.’ माझंच वाक्य होतं. टोमणा होता की नव्हता, अजून ठरवता आलेलं नाही.

अंधार पडेपर्यंत काम चाललं. उठताना त्यांनी खिशातून पैसे काढले. मी नको म्हणालो, दोनदा-तीनदा म्हणालो. ‘छपाई झाली ना?’ एवढंच बोलून त्यांनी ठरलेली सगळी रक्कम टेबलावर मोजून ठेवली. पावती मागितली नाही. ते पैसे मी बरेच दिवस गल्ल्यात वेगळे ठेवले होते. मग एका महिन्यात विजेचं बिल मोठं आलं आणि ते त्यात गेले.

त्यानंतर गुरुजी माझ्याकडे यायचे बंद झाले. भांडण नव्हतं. शेगावला दर्शनाच्या रांगेत एकदा भेटले तेव्हा नीट बोलले, मुलांची चौकशी केली. पण भावाच्या नातवाच्या लग्नाच्या पत्रिका त्यांनी दुसरीकडे छापल्या, हे मला त्या पत्रिकेवरूनच कळलं. पत्रिका मला आली होती. मी ती प्रूफ वाचतात तशी वाचली. एकही चूक नव्हती.

माझ्या धंद्यात त्यामुळे फार मोठी क्रांती झाली असं नाही. एवढंच झालं की बोलीतला मजकूर आला की मी फोन उचलू लागलो. ‘इथं गाय म्हणजे गाळ का?’ असं विचारलं की लोकांना मी बाहेरगावचा वाटतो. गिऱ्हाइकं वैतागतात. ‘तुमाले एवढं समजत नाई का?’ म्हणतात. नाही समजत म्हणून सांगतो. एका शाहिराने तर माझ्या फोनांना कंटाळून काम काढून नेलं.

काही वर्षांनी गुरुजींच्या मुलाचा फोन आला. तो नोकरीनिमित्त बाहेर असतो. वडिलांची पुस्तिका पुन्हा काढायची, या वेळी वहीबरहुकूम, आणि छापायची खामगावलाच, असं वडील म्हणतात. मी विचारलं, ‘माझ्याकडेच असं म्हणाले?’ तो म्हणाला, ‘हो, त्यांच्याकडं जुनी वही आहे म्हणाले.’ होती. ही वही मी हरवू दिली नव्हती.

वही समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच उतरवलं. डोया, काया, शाया, सोया. हात शिवशिवत होते. फक्त मलपृष्ठावरचा परिचय प्रमाण भाषेत माझ्याकडून लिहून घेतला, कारण गुरुजी म्हणाले, स्वतःबद्दल काय लिहायचं. प्रूफं त्यांनीच तपासली, पानन् पान सही करून दिलं. परिचय तेवढा, माझा म्हणून, न वाचता दिला.

पुस्तिका कुणाच्या हातून कुठे जाईल सांगता येत नाही. ती पुण्यातल्या एका वाचनप्रेमी गृहस्थांकडे गेली आणि त्यांनी गुरुजींना प्रत साभार परत पाठवली, शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवून. प्रत्येक ‘य’भोवती गोल, समासात ‘ळ’. ‘माय तुटली’लाही गोल होता आणि शेजारी, बहुधा बराच विचार करून, ‘माळ?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं होतं. प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे गृहस्थ माझ्यापेक्षा बरे. गुरुजींनी ती प्रत एका चिठ्ठीसोबत माझ्याकडे पाठवली: ‘पाहून घ्या.’

पाहून घेतली. सगळे गोल बोलीचे होते, ते मी सोडून दिले. एक गोल मलपृष्ठावर होता, माझ्या परिचयात. गुरुजींच्या आई रोज म्हणत असत त्यावर. मी तिथे ‘हरीपाठ’ लिहिलं होतं.